बोर्ड गेमच्या यंत्रणा शिकवताना: एका वेळी एकच नियम बदला

सापशिडी खेळत बसलेल्या मुलांपैकी एखाद्याला मध्येच थांबवून एवढेच विचारावे, की या डावात आतापर्यंत तू काय काय ठरवलेस? बहुतेक मुले आधी गोंधळतात, मग फासा कसा घोळवला ते सांगू लागतात आणि थोड्या वेळाने त्यांच्यापैकी कोणीतरी म्हणते की आम्ही काहीच ठरवले नाही, सगळे फाशानेच ठरवले. हे उत्तर मिळाले की शिकवणीची सुरुवात झाली असे समजावे. रोज खेळलेल्या खेळाकडे मुले आता नियम म्हणून पाहू लागलेली असतात आणि नियम दिसू लागला की तो बदलून पाहण्याची इच्छा आपोआप होते.

हा लेख शाळेत, वाचनालयात किंवा एखाद्या छंदवर्गात साधारण ११ ते १६ वयाच्या मुलांना बोर्ड गेम कसे चालतात हे प्रथमच शिकवू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी स्वतः बोर्ड गेमचे जाणकार असण्याची गरज नाही. मात्र प्रत्येक प्रयोग वर्गात नेण्याआधी घरी एकदा पूर्ण खेळून पाहणे आवश्यक आहे, कारण नियम वाचून समजलेला खेळ आणि खेळून समजलेला खेळ यांत फार अंतर असते.

यंत्रणा म्हणजे काय

खेळाडूला एक ठरावीक प्रकारचे काम करायला लावणारा नियम किंवा नियमांचा छोटा गट, याला बोर्ड गेमच्या जगात मेकॅनिक म्हणतात. मी त्याला यंत्रणा म्हणणार आहे. फासा टाकून सोंगटी पुढे नेणे ही एक यंत्रणा आहे, वस्तूसाठी बोली लावणे ही दुसरी आणि हातातल्या पत्त्यांपैकी एक ठेवून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवणे ही तिसरी. अशा यंत्रणांची लांबलचक यादी फळ्यावर लिहून सुरुवात करण्याचा मोह होतो, आणि नवीन शिक्षक बहुधा तेच करतात. त्यातून मुलांना नावे पाठ होतात, पण लिलाव असलेल्या खेळात माणसे अचानक एकमेकांच्या चेहऱ्याकडे का बघू लागतात, हे कळत नाही.

रॉबिन हनिकी, मार्क लब्लँक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ मध्ये खेळांचा विचार तीन स्तरांवर करण्याची एक पद्धत मांडली. पहिला स्तर नियमांचा, दुसरा त्या नियमांमुळे खेळताना घडणाऱ्या वागणुकीचा आणि तिसरा खेळाडूला येणाऱ्या अनुभवाचा. खेळ बनवणारा पहिल्या स्तराकडून तिसऱ्याकडे जातो, तर खेळणाऱ्याला आधी तिसरा स्तर जाणवतो. वर्गात ही संज्ञावली शिकवायची गरज नाही, परंतु शिक्षकाच्या मनात हे तीन स्तर स्पष्ट असावेत. ‘कंटाळा आला’ असे मुलाने सांगितले तर ते तिसऱ्या स्तरावरचे विधान आहे. तिथून मागे जात ‘कंटाळा आला तेव्हा तू काय करत होतास?’ आणि ‘कोणत्या नियमामुळे तुला तसे करावे लागले?’ असे दोन प्रश्न विचारणे, हेच पुढच्या सगळ्या तासांमधले मुख्य काम आहे.

तयारी

सामान थोडेच लागते: प्रत्येक गटासाठी दोन फासे, पत्त्यांचा एक कॅट, तीन रंगांची बटणे किंवा सोंगट्या, सापशिडीचा पट, कोरे कागद आणि पेन्सिली. महागडे खेळ आधीच विकत घेऊ नयेत. आकर्षक चित्रे आणि सुबक सोंगट्या असल्या की मुलांचे लक्ष त्यांच्यावर जाते आणि नियम मागे पडतो.

गट चौघांचा करावा, पण खेळायला तिघांनाच बसवावे. चौथा निरीक्षक असतो आणि प्रत्येक डावानंतर ही जबाबदारी बदलते. निरीक्षकाने बोलायचे नाही, फक्त लिहायचे: कोणत्या क्षणी खेळाडू विचार करायला थांबला, कोणता नियम पुन्हा विचारावा लागला आणि कोणाचे लक्ष कधी उडाले. सुरुवातीला मुलांना ही शिक्षा वाटते. दोन-तीन तासांनंतर मात्र निरीक्षकाच्या कागदावर जे सापडते ते खेळणाऱ्यांना दिसलेले नसते, हे त्यांच्या ध्यानात येते. या एका योजनेवर माझा सर्वांत जास्त भर आहे आणि वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळावे, पण निरीक्षक गाळू नये.

दुसरी सवय अंदाज लिहिण्याची. प्रत्येक वेळी नियम बदलण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एका वाक्यात लिहावे की या बदलामुळे काय होईल असे त्याला वाटते. अंदाज चुकला तर उत्तम, कारण चुकलेल्या अंदाजावरच खरी चर्चा होते.

पहिली पायरी: सापशिडीतला एक नियम

आधी दहा मिनिटे नेहमीची सापशिडी खेळू द्यावी आणि निरीक्षकाला खेळाडूंनी घेतलेले निर्णय मोजायला सांगावे. संख्या शून्य येईल. मग एकच नियम बदलावा: प्रत्येक पाळीला दोन फासे टाकायचे आणि त्यांपैकी कोणत्याही एका फाशाचे दान घ्यायचे.

बदल लहान आहे, पण त्याचा परिणाम आकड्यांत दाखवता येतो. समजा, आपल्या पुढे चौथ्या घरात सापाचे तोंड आहे. एकच फासा असेल तर चार पडण्याची शक्यता ६ मध्ये १, म्हणजे ३६ मध्ये ६ आहे आणि चार पडले की गिळले जाण्यावाचून गत्यंतर नाही. दोन फाशांपैकी एक निवडता येत असेल तर साप तेव्हाच गिळतो जेव्हा दोन्ही फाशांवर चार पडतात, आणि तसे ३६ मध्ये एकदाच होते. उलट चौथ्या घरात शिडी असेल, तर दोनपैकी निदान एका फाशावर चार येण्याच्या शक्यता ३६ पैकी ११ आहेत. म्हणजे एकाच नियमाने संकट सहापटीने विरळ झाले आणि संधी जवळजवळ दुप्पट झाली. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. ३६ चौकटींचा तक्ता काढून त्यात रंग भरायला सांगितले तर सूत्र न वापरता सगळे दिसते.

चर्चेत बहुधा एखादा मुलगा म्हणतो की आता खेळ फार सोपा झाला, साप उगाचच आहेत. तो बरोबर बोलतो आहे. निवडीचे स्वातंत्र्य वाढले की जुने धोके बोथट होतात आणि मग धोके वाढवावे लागतात. पटावर आणखी साप काढायची परवानगी अशा वेळी जरूर द्यावी, परंतु पुढच्या डावात, कारण एका डावात दोन बदल केले तर कोणत्या बदलाने काय झाले हे सांगता येत नाही.

यानंतर फासे पूर्णपणे काढून टाकावेत. प्रत्येक खेळाडूला १ ते ६ अंकांचे सहा पत्ते द्यावेत, ते सर्वांना दिसतील असे समोर मांडावेत आणि आपल्या पाळीला त्यांपैकी एक वापरून तेवढी घरे पुढे जावे. वापरलेला पत्ता पालथा घालायचा आणि सहाही पत्ते संपले की सर्व परत उचलायचे. इथे थांबून मुलांना विचारावे की सहा पाळ्यांत प्रत्येक खेळाडू पत्त्यांच्या जोरावर एकूण किती घरे चालतो. १ ते ६ ची बेरीज २१ असल्यामुळे सगळे सारखेच चालतात! मग पुढे-मागे कोण कशामुळे होतो? पत्ते कोणत्या क्रमाने वापरले आणि त्या क्रमात कोणता साप टाळला, कोणती शिडी गाठली, एवढ्यामुळेच. नशिबाचा खेळ होता तो आता नियोजनाचा झाला, आणि तरीही पट तोच आहे, साप तेच आहेत.

निरीक्षकाच्या कागदावर या डावात आणखी एक गोष्ट हमखास सापडते. खेळ मंदावतो. एक खेळाडू पत्ते मोजत बसतो आणि बाकीचे दोघे खिडकीबाहेर पाहू लागतात. निर्णय वाढले की विचाराचा वेळ वाढतो आणि तो वेळ दुसऱ्याला वाट बघण्यात घालवावा लागतो, ही प्रत्येक खेळ बनवणाऱ्याला चुकवावी लागणारी किंमत मुलांनी पहिल्याच दिवशी पाहिलेली बरी. पूर्ण दीड तास या एका पटावर गेला तरी घाई करू नये.

दुसरी पायरी: नशीब निर्णयाआधी की निर्णयानंतर

नशीब असलेले खेळ हलके आणि नशीब नसलेले खेळ भारी, अशी एक समजूत मुलांमध्ये लवकर रुजते. ती वेळीच दूर करावी. फुली-गोळ्यात नशिबाचा अंशही नाही, पण दोघेही चुका न करता खेळले तर डाव नेहमी बरोबरीत सुटतो आणि म्हणून थोडे मोठे झाल्यावर त्यात कोणाला रस उरत नाही. खरा प्रश्न नशीब किती आहे याइतकाच ते कोठे आहे हाही आहे.

दोन फाशांतला एक निवडण्याच्या सापशिडीत नशीब आधी येते आणि निर्णय नंतर. फाशांनी दिलेल्या परिस्थितीतून वाट काढायची असते. याच्या उलट रचना दाखवण्यासाठी पिग नावाचा एका फाशाचा खेळ अगदी योग्य आहे. आपल्या पाळीला हवे तितक्या वेळा फासा टाकायचा आणि पडलेल्या दानांची बेरीज करत जायची. थांबलो तर ती बेरीज आपल्या खात्यात जमा होते. पण मध्येच एक पडला तर त्या पाळीची सगळी बेरीज जाते आणि पाळी पुढच्याकडे जाते. ज्याचे १०० गुण आधी होतील तो जिंकतो. इथे निर्णय आधी आणि नशीब नंतर.

काही डाव झाल्यावर थांबण्याची योग्य जागा कोणती हा प्रश्न मांडावा. पाळीत २० गुण साठले आहेत असे धरू. आणखी एकदा फासा टाकला तर २ ते ६ यांपैकी एखादे दान पडून होणारा सरासरी फायदा म्हणजे २० भागिले ६, आणि एक पडून होणारे सरासरी नुकसान म्हणजे साठलेले गुण भागिले ६, म्हणजे तेही २० भागिले ६. फायदा आणि नुकसान इथे तंतोतंत समान होतात. त्यामुळे २० च्या खाली असताना टाकत राहावे आणि २० झाले की थांबावे, हा चांगला ढोबळ नियम आहे. मात्र समोरचा ९५ गुणांवर पोहोचला असेल तर २० वर थांबण्यात शहाणपण नाही, आणि हे मुले कोणी न सांगता ओळखतात. गणिताने काढलेला नियम आणि पटावरची परिस्थिती यांच्यातला हा फरक त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला लावावा.

दोन फाशांची बेरीज वापरणारे खेळ समजण्यासाठी आधीचा ३६ चौकटींचा तक्ताच पुन्हा काढावा. सात ही बेरीज ६ प्रकारे येते, सहा आणि आठ प्रत्येकी ५ प्रकारे, तर दोन आणि बारा प्रत्येकी एकाच प्रकारे. क्लाऊस टॉयबर यांनी बनवलेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅटन हा खेळ याच तक्त्यावर उभा आहे. त्यातल्या जमिनीच्या षटकोनी तुकड्यांवर अंक ठेवलेले असतात आणि फाशांची बेरीज त्या अंकाइतकी आली की त्या तुकड्याच्या कडेला वस्ती असलेल्यांना तिथला माल मिळतो. सहा आणि आठ हे अंक लाल छापलेले असतात आणि प्रत्येक अंकाखाली तो किती प्रकारे येऊ शकतो हे ठिपक्यांनी दाखवलेले असते. सात मात्र कोणत्याच जमिनीवर नाही, कारण सात पडले की दरोडेखोर, म्हणजे ज्या तुकड्यावर असेल तिथले उत्पन्न अडवणारी सोंगटी, हलतो. सर्वांत जास्त वेळा येणारी बेरीज डिझाइनरने उत्पन्नासाठी न वापरता व्यत्ययासाठी का राखून ठेवली असेल, यावर मोठ्या मुलांच्या गटात चांगली चर्चा होते.

तिसरी पायरी: सर्वांना पुरेल इतके नाही

खेळाडू एकमेकांकडे बघू लागतात ते टंचाईमुळे. ती अनुभवण्यासाठी बोलीचा एक खेळ पत्त्यांच्या कॅटवर खेळता येतो. चौकटचे १३ पत्ते पिसून मध्ये पालथे ठेवावेत, ही बक्षिसे. तिन्ही खेळाडूंनी इस्पिक, बदाम आणि किलवर यांपैकी एकेक रंग पूर्ण घ्यावा. एक्का १ गुणाचा, गुलाम ११, राणी १२ आणि राजा १३. मधला वरचा पत्ता उलगडायचा, प्रत्येकाने हातातला एक पत्ता बोली म्हणून पालथा ठेवायचा, सर्वांनी एकदम उघडायचा आणि ज्याचा मोठा त्याला बक्षीस. सर्वोच्च बोली दोघांची सारखी असेल तर बक्षीस पुढच्या पत्त्याबरोबर पणाला लागते आणि शेवटच्या पत्त्यालाही तसेच झाले तर ते कोणालाच मिळत नाही. बोलीचे पत्ते, जिंकोत वा हरोत, बाद होतात.

सगळ्या बक्षिसांची बेरीज ९१ आणि प्रत्येकाच्या हातातली ताकदही ९१. म्हणजे साधने अगदी समान, नशीब केवळ बक्षिसांच्या क्रमात, आणि तरी कोणी ४० गुण घेऊन उठतो तर कोणी १५. मुले पहिल्या डावात राजाला राजा लावतात. दुसऱ्या डावापासून एखादा समोरच्यांना राजे खर्च करू देतो, स्वतः एक्का टाकतो आणि पुढची राणी, गुलाम आणि दहा उचलतो. हा क्षण घडला की निरीक्षकाने तो नक्की टिपावा.

आता नियम बदलायचा: हरलेल्या बोलीचा पत्ता खेळाडूच्या हातात परत जाईल. अंदाज लिहून घ्यावेत आणि मग खेळू द्यावे. बोली एकदम वाढते, कारण हरण्याची किंमत शून्य झालेली असते, आणि एक्का टाकून दुसऱ्याला खर्चात पाडण्याची ती युक्ती बोथट होते. नंतर मूळ नियमावर परत यावे आणि दुसरा बदल करावा: तेराही बक्षिसे सुरुवातीलाच उघडी, ओळीने मांडायची. आता सगळ्यांना पुढचे सारे माहीत आहे, नशीब संपले आहे, फक्त समोरचा काय लावेल हे माहीत नाही. माहिती लपवणे आणि नशीब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका डावात जितके स्पष्ट होते तितके तासभर बोलून होत नाही.

टंचाईचे दुसरे रूप जागांचे. कागदावर सात चौकोन काढावेत: तीन लाकडे, दोन लाकडे, एक लाकूड, दोन विटा, एक वीट, ‘दोन लाकडे आणि दोन विटा देऊन एक घर बांधा’ आणि ‘एक लाकूड घ्या, पुढच्या फेरीत पहिली पाळी तुमची’. प्रत्येक खेळाडूकडे दोन सोंगट्या. आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या चौकोनात ठेवायची आणि तिथला लाभ लगेच घ्यायचा. एका चौकोनात एकच सोंगटी. फेरी संपली की सोंगट्या परत घ्यायच्या. सहा फेऱ्यांत ज्याची घरे जास्त तो जिंकला. २००५ चा कायलस आणि २००७ चा अग्रिकोला यांसारख्या गाजलेल्या खेळांचा गाभा हाच आहे, जरी त्यांचा पसारा पुष्कळ मोठा असला. घर बांधण्याचा चौकोन एकच असल्यामुळे पहिल्या पाळीला एकाएकी मोल येते आणि सुरुवातीला सर्वांनी दुर्लक्षित केलेला शेवटचा चौकोन तिसऱ्या फेरीपर्यंत सर्वांत आधी भरू लागतो. मग ‘एका चौकोनात कितीही सोंगट्या चालतील’ असा बदल करून पाहावा. तिन्ही खेळाडू आपापल्या कागदात डोके खुपसून बसतात आणि एकाच टेबलावर तीन स्वतंत्र खेळ चालू होतात. त्या वेळी वर्गात पसरणारी शांतता मुलांच्या लक्षात आणून द्यावी.

पत्ता ठेवून उरलेले शेजाऱ्याला देण्याची यंत्रणा यानंतर लवकर समजते. २०१० च्या सेव्हन वंडर्स या खेळात प्रत्येक टप्प्यात सात पत्ते असे फिरतात, सहा खेळले जातात आणि शेवटचा बाद होतो. मुलांना इतकेच विचारावे की पत्ता ठेवून घेण्याची दोन वेगळी कारणे कोणती. एक स्वतःला हवा म्हणून, दुसरे शेजाऱ्याला मिळू नये म्हणून.

चौथी पायरी: पुढे असलेला आणखी पुढे जातो का

इथे खेळण्यापेक्षा आठवण्यावर भर द्यावा, कारण बहुतेक मुलांनी मोनोपॉली किंवा तसा एखादा व्यापाराचा खेळ खेळलेला असतो. मालमत्ता असली की भाडे मिळते, भाड्यातून आणखी मालमत्ता येते आणि जो मागे पडला तो सहसा मागेच राहतो. विशेष म्हणजे या खेळाची जननी असलेला द लँडलॉर्ड्स गेम एलिझाबेथ मॅगी यांनी जमीनमालकीतून संपत्ती काही थोड्यांच्या हाती कशी एकवटते हे दाखवण्यासाठीच बनवला होता आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले होते. म्हणजे ज्याला मुले खेळातला दोष म्हणतात, तोच तिथे सांगण्याचा मुद्दा होता. यंत्रणा चांगली की वाईट हे ठरवण्याआधी ती कशासाठी वापरली आहे हे पाहावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

समतोल साधणाऱ्या रचनेसाठी दोन खेळ सांगण्यासारखे आहेत. डेव्हिड पार्लेट यांच्या हेअर अँड टॉर्टॉइज या शर्यतीच्या खेळाला १९७९ मध्ये जर्मनीतला श्पील डेस यारेस हा पुरस्कार त्याच्या पहिल्याच वर्षी मिळाला. त्यात पुढे सरकायला गाजरे मोजावी लागतात: एका घराला १, दोन घरांना ३, तीन घरांना ६, चार घरांना १०. पाच घरे एका उडीत गेलो तर १५ गाजरे लागतात, पण एकेक करून पाच पाळ्यांत गेलो तर पाचच. वेगाची किंमत वेगापेक्षा झपाट्याने वाढते, म्हणून सुरुवातीला सुसाट धावणारा पुढे अडकतो आणि गाजरे मिळवण्यासाठी प्रसंगी मागे जावे लागते. दुसरे उदाहरण डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांच्या २००८ च्या डॉमिनियनचे. त्यात प्रत्येकजण १० पत्त्यांच्या छोट्या गठ्ठ्याने सुरुवात करतो, सात पैशांचे आणि तीन गुणांचे, आणि खेळता खेळता नवे पत्ते विकत घेऊन गठ्ठा वाढवतो. जिंकण्यासाठी गुणांचे पत्ते हवेत, पण मूळ खेळातल्या अशा बहुतेक पत्त्यांचा खेळताना काही उपयोग नसतो, त्यामुळे ते जितके घ्यावेत तितकी हातात अडगळ होते. पुढे जाणेच खेळाडूला थोडे मंद करते, त्यासाठी वेगळा शिक्षेचा नियम लिहावा लागत नाही. मुले जेव्हा ‘जो पुढे आहे त्याने एक पाळी सोडावी’ असा उपाय सुचवतात, आणि ती सुचवतातच, तेव्हा त्यांना या दोन खेळांची आठवण करून द्यावी.

मिळून खेळण्याच्या खेळांचा एक तास ठेवता आला तर मॅट लीकॉक यांचा २००८ चा पँडेमिक वापरावा. सर्व खेळाडू एका बाजूला, रोगांचा प्रसार दुसऱ्या बाजूला. रोग कोणत्या शहरात पसरणार हे पत्ते काढून ठरते. साथीचा पत्ता निघाला की आधी बाद झालेले शहरांचे पत्ते पिसून पुन्हा त्या गठ्ठ्याच्या वर ठेवले जातात, त्यामुळे जी शहरे आधीच आजारी आहेत तीच पुन्हा निघू लागतात. निव्वळ पत्ते ठेवण्याच्या जागेतून केवढी भीती निर्माण करता येते ते इथे दिसते. शिक्षकाने मात्र दुसऱ्याच गोष्टीवर लक्ष ठेवावे. अशा खेळात एखादे हुशार मूल सगळ्यांच्या वतीने निर्णय घेऊ लागते आणि बाकीचे सोंगट्या हलवण्यापुरते उरतात. त्या मुलाला रागावू नये. हा प्रकार कोणता नियम बदलून थांबवता येईल, हा प्रश्न गटाला, त्या मुलासकट, द्यावा.

पाचवी पायरी: मुलांनी स्वतः बनवणे

आतापर्यंत मुलांनी दुसऱ्यांचे नियम बदलले. आता प्रत्येक गटाने आधी खेळलेल्यांपैकी एक खेळ घ्यावा आणि त्याला आपला म्हणता येईल इतका बदलावा. शून्यातून नवा खेळ बनवायला सांगितले तर मुले कथा, राक्षस आणि चित्रे यांत तीन तास घालवतात आणि खेळून पाहायची वेळच येत नाही. पहिला नमुना अर्ध्या तासात, कोऱ्या कागदावर, पेन्सिलीने झाला पाहिजे. ज्या कागदावर फार मेहनत केली तो फाडायला मन धजत नाही, आणि इथे तर फाडावेच लागते.

नियम लिहिण्याचा क्रम ठरवून द्यावा: जिंकायचे कसे, आपल्या पाळीला काय करायचे, डाव कधी संपतो, आणि अपवाद सर्वांत शेवटी. नियम समजावून सांगतानाही हाच क्रम पाळावा. जिंकायचे कसे हे माहीत नसेल तर मधला कोणताही नियम डोक्यात टिकत नाही, आणि अनेक अनुभवी लोकही सांगताना इथेच चुकतात.

मग चाचणी. दुसऱ्या गटाला लिहिलेला कागद आणि सामान देऊन बनवणाऱ्यांनी बाजूला बसायचे आणि एक शब्दही बोलायचे नाही. ‘असं नाही, तसं’ हे शब्द तोंडातून बाहेर पडू न देणे मुलांना फार जड जाते, मोठ्यांनाही जाते. पण ज्या जागी त्यांना बोलावेसे वाटले ती जागा म्हणजे नियम अपुरा असल्याची खूण आहे, म्हणून बोलण्याऐवजी त्यांनी तिथे कागदावर फुली मारावी. डाव झाल्यावर खेळणाऱ्यांना ‘आवडला का?’ असे विचारू नये, कारण मित्र नेहमी हो म्हणतात. त्याऐवजी तुम्ही सर्वांत जास्त वेळ कशाचा विचार केला, हरणार हे तुम्हाला कधी कळले आणि त्यानंतर तुम्ही काय केले, असे विचारावे. हरणार हे पाचव्या मिनिटाला कळले आणि डाव तीस मिनिटे चालला, तर पुढच्या आवृत्तीत काय दुरुस्त करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुण द्यायचे असतील तर खेळ किती छान झाला यावर देऊ नयेत. प्रत्येक गटाने आपल्या खेळाच्या निदान तीन आवृत्त्या जपून ठेवाव्यात, प्रत्येकीवर तारीख, बदललेला एकच नियम, बदलण्यापूर्वीचा अंदाज आणि प्रत्यक्षात काय घडले हे लिहिलेले असावे, आणि गुण या कागदांना द्यावेत. ज्या गटाचा खेळ अजून अडखळतो आहे पण तिन्ही अंदाज का चुकले हे ज्यांना सांगता येते, त्यांना मी निःसंकोच पूर्ण गुण देतो आणि चौथ्या आवृत्तीसाठी कोरा कागदही.